पाहुण्यांसाठी आवरलेला प्रोग्राम

सकाळी दहाला दातांच्या दवाखान्यात सगळे पेशंट एकदम हजर झाले, कारण प्रत्येकाला दहाचीच वेळ कळवली गेली होती. वेळा वाटणारा प्रोग्राम रिसेप्शनवरच्या मावशींनी लिहिला होता, तोही पन्नाशीत हौसेने शिकून. डॉक्टर एवढंच म्हणाले, "संध्याकाळपर्यंत नीट झाला तर ठेवू. नाहीतर आपलं हाताने लिहिणंच बरं."

त्या गडबडीतही त्यांनी एका आजोबांना सुनावलंच. आजोबा दुखणं थांबायची गोळी घेऊन आले होते आणि आता कुठला दात दुखत होता, तेच त्यांना सांगता येईना. "दुखतंय तसंच यायचं असतं, आजोबा. आता गोळी उतरली की या."

दुपारी त्यांनी प्रोग्रामर भाचीला फोन लावला.

"अगं, ते बिघडलंय."

"काय बिघडलंय?"

"सगळंच."

"मावशी, व्हायला काय हवं होतं आणि होतंय काय?"

"व्हायला हवं होतं कौतुक. होतेय शोभा."

"बरं, प्रोग्राम पाठव."

आता भाची घरचीच, पण म्हणून तिला असला पसारा दाखवायचा? मावशींनी पदर खोचला. नावं सारखी केली, इकडेतिकडे पडलेल्या ओळी रांगेत बसवल्या आणि मगच ती नीटनेटकी प्रत पाठवली.

"माझ्याकडे छान चालतोय की. दहा, सव्वादहा, साडेदहा."

मावशींनी आपला चालवून पाहिला. दहा, दहा, दहा. भाचीने कॉम्प्युटरवर संशय घेतला, मावशींनी भाचीवर. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, तरी दहाच. मावशी रडकुंडीला आल्या.

"तू चालवतेस तोच मला पाठवलास ना?" भाचीने विचारलं.

"तोच. फक्त जरा आवरून."

"मावशी, आहे तसा पाठव."

"बघवणार नाही गं तुला."

"मला पसाराच बघायचाय."

मावशींनी मन घट्ट करून पाठवला. भाचीला चूक लगेच दिसली. "वेळ पुढे सरकवणारी ही ओळ बघ. दर पेशंटला चालायची, तर वरच्या ओळींसारखी समासापासून आत सरकलेली हवी. इथे ती बाहेर राहिलीय. मला पाठवलास त्यात आत होती."

"एकटीच बाहेर उभी होती बिचारी. बरं दिसेना, म्हणून घेतली आत."

संध्याकाळी पडद्यावर वेळा ओळीने उमटल्या. डॉक्टरांनी चष्मा वर करून त्या दोनदा वाचल्या. "उद्याच्या पाठवून द्या. चुकत कुठे होतं?"

समोर आजोबा गाल धरून बसले होते. गोळी उतरली होती आणि दात सापडला होता.

"काही नाही, डॉक्टर," मावशी त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "मीपण गोळी घेऊनच गेले होते."