रिकाम्या खुर्च्या आणि दिघेकाका

दिघेकाकांना रिकामी खुर्ची दिसली की ते ती मिटून टाकतात.

क्योतोतल्या आमच्या मराठी मंडळाचा कुठलाही कार्यक्रम घ्या. हॉल मी ठरवते, सकाळी जाऊन घडीच्या लोखंडी खुर्च्याही मीच मांडते. थोड्या जास्तच ठेवते, कारण आपली माणसं उशिरा येतात आणि न कळवता पाहुणे आणतात. कार्यक्रम सुरू व्हायच्या बेताला काका मागच्या ओळीपासून सुरुवात करतात. खट्. खट्. खट्. जेवढी माणसं तेवढ्याच खुर्च्या उरतात. मग उशिरा आलेले कुलकर्णी पतिपत्नी भिंतीला टेकून भावगीतं ऐकतात.

"काका, अहो, माणसं यायचीत अजून."

"आली की उघडू. उघडायला काय लागतं?"

हे त्यांचं पालुपद. कुठल्याही क्रियापदाला ते जोडतात. "चालायला काय लागतं?" म्हणून बस सोडून देतात आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टा बांधून फिरतात. "शिजवायला काय लागतं?" म्हणून एकदा त्यांनी कोजागिरीच्या मसाले-दुधाची जबाबदारी घेतली होती. त्या वर्षी आम्ही कॉफी प्यायलो.

काका सत्तरीचे आहेत. एका कंपनीत काचेची भिंगं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले आणि इथेच राहिले, आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर. एकटेच असतात. कचरा वेगळा करण्यात शेजारच्या जपानी आजींनासुद्धा चुका दाखवतात. मला 'सेक्रेटरीबाई' म्हणतात. मंडळात असं पद नाही, पण कोणी काय आणायचं याच्या याद्या मी करते, त्यामुळे ते नाव चिकटलं.

काकांचा दुसरा नाद म्हणजे कॉलेजांचं अमेरिकन फुटबॉल. पश्चिम जपानातल्या कॉलेजांची एक लीग आहे, तिचे वरपासून खालपर्यंत विभाग आहेत. वरच्या विभागाच्या सामन्यांना म्हणे तिकिटं मिळत नाहीत. काका जातात ते तळाच्या विभागाच्या सामन्यांना. तिथे तिकीटच नसतं.

खेळाचे नियम त्यांना आजही ठाऊक नाहीत. मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, "चेंडू अंड्यासारखा. पडल्यावर कुठे जाणार ते त्यालाच माहीत नाही, तर मला कुठून माहीत असणार?" शिवाय त्यांचा ठरलेला संघही नाही. मैदानावर गेले की आधी दोन्हीकडच्या पायऱ्या न्याहाळतात आणि जिकडे माणसं कमी तिकडे जाऊन बसतात. तिथली बाकं सिमेंटची असतात, मिटता येत नाहीत, म्हणून बसत असतील, असा माझा समज होता.

गेल्या सप्टेंबरात मंडळाचा गणपती होता तो रविवार आणि त्या लीगच्या मोसमाचा पहिला रविवार एकच निघाला. माझ्या यादीत काकांच्या नावापुढे एकच वस्तू होती: झांजा. चार वाजता हॉलवर गणपती होता, मोदक होते, झांजा नव्हत्या. काकांचा फोन लागेना. माझ्या मुलाने जपानीत सांगितलं की दिघे-सान सकाळी मैदानाकडे जाताना दिसले, पिशवीतून खणखण आवाज येत होता.

मैदान हॉलपासून सायकलने जवळ आहे. साडी खोचली आणि निघाले.

उजवीकडच्या पायऱ्या भरलेल्या होत्या. आईवडील, माजी विद्यार्थी, एक मोठा ढोल, रंगीत गोंडे हलवणाऱ्या मुली. डावीकडे भर उन्हात, सगळ्यांत वरच्या पायरीवर एक पांढरी टोपी. खाली मैदानात कोणीतरी आडवा झाला, उठला, आणि टोपीखालून झांज वाजली.

"काका, झांजा द्या."

"बसा."

"आरती सहाला आहे. हॉल आठला परत करायचाय."

"बसा हो, सेक्रेटरीबाई. बसायला काय लागतं?"

"ही आपली कोण मुलं?"

"डोंगरापलीकडच्या शेतकी कॉलेजातली. घरची सगळी भातकापणीला. कोण येणार?"

"हरतायत?"

"मी फलक बघत नाही. पोरं बघतात तेवढं पुरे." पुन्हा कोणीतरी उठला. झांज.

मग त्यांनी झांजा माझ्या हातात ठेवल्या. "न्या तुम्ही. मी टाळ्या वाजवीन. पण मॅच संपेपर्यंत हलायचा नाही."

"तोवर आरती होऊन जाईल! गणपतीला काय सांगू?"

"त्याच्यापुढे हॉलभर माणसं आहेत. इथे शेवटी पोरं हेल्मेट काढून या पायऱ्यांसमोर रांगेत उभी राहतात आणि कमरेत वाकतात. जिंकोत, हरोत. समोर कोणी असो, नसो. मी उठलो तर ती नमस्कार कोणाला करणार? सिमेंटला?"

मी निघणारच होते. पण त्यांच्या गुडघ्याला पट्टा होता, जिन्याला कठडा नव्हता, आणि हा माणूस एकटा खाली कसा उतरेल हे मला दिसत होतं. हॉलवर फोन करून आरती पुढे ढकलली आणि बसले. काहीच मिनिटं उरली आहेत असं काका म्हणाले. या खेळातलं एक मिनिट म्हणजे आपल्या समारंभातलं 'दोनच शब्द बोलतो' असतं. घड्याळ सारखं थांबवतात. माझ्याही हातून झांज वाजली, दोनदा.

शेवटी शिट्टी झाली. मातीने माखलेली मुलं आमच्यासमोर ओळीत उभी राहिली. एक जण रडत होता. कप्तानाने काहीतरी ओरडून म्हटलं आणि सगळे वाकले.

"उठा," काका पुटपुटले. माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते उभे राहिले आणि त्या मुलांइतकेच खाली वाकले. मीही वाकले. एवढ्या लांबीच्या पायऱ्यांवर आम्ही दोघंच.

उतरताना ते एका पायरीवर थांबले. मला वाटलं, गुडघा.

"सुलभा गेली ना, तेव्हा अंत्यविधीच्या हॉलवाल्यांनी खुर्च्या मांडल्या होत्या," ते म्हणाले. सुलभाकाकू म्हणजे त्यांची बायको. आम्ही इथे येण्याच्या आधीच गेल्या, मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. "मंडळबिंडळ नव्हतं तेव्हा. पुष्कळ खुर्च्या मांडल्या हो त्यांनी. ओळीच्या ओळी. आणि मी, आणि ऑफिसातला एक जण."

मी त्यांच्या कोपराला हात दिला.

"मग एक म्हातारी आली. इमारतीतली असावी, जिन्यात पाहिली होती कधीतरी. वाकून नमस्कार केला आणि मागे बसली. शेवटपर्यंत."

"काकूंच्या ओळखीची?"

"काय माहीत. विचारलं नाही." त्यांनी पुढच्या पायरीवर पाय टेकवला. "बसली. बसायला काय लागतं?"

सायकल तिथेच ठेवली आणि टॅक्सी केली. हॉलच्या दारात काका बूट काढायला वाकले. पट्ट्यामुळे त्यांना वेळ लागतो.

आत सगळी आमची वाट बघत होती. मागच्या दोन ओळी मी सकाळी मांडल्या तशाच होत्या, रिकाम्या. मी झांजा कोणाच्या तरी हातात दिल्या आणि मागून सुरुवात केली. खट्. खट्. खट्.

"अहो, कुलकर्णी यायचेत अजून," कोणीतरी म्हणालं.

"आले की उघडू," मी म्हटलं.