जागा आहे

"पुस," मनाली मॅडम म्हणाल्या.

स्क्रीनवरचा गुलाब गेला.

"अजून."

दोन सिंह गेले. मग सोनेरी महिरप गेली, हात जोडून उभे असलेले प्राचार्य गेले. मागं बसलेली पोरं हळहळली. सिंहांसाठी, प्राचार्यांसाठी नाही.

भिवंडीहून वाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर, अंबाडी नाक्याच्या थोडं अलीकडे हे टेक्निकल कॉलेज. खाली फिटर, वायरमन, डिझेल मेकॅनिक. वर कोपऱ्यातल्या खोलीत ग्राफिक डिझाइन. तिथं मनाली तरे चार वर्षं एकच गोष्ट शिकवत होत्या: जागा सोडा. कागद दिसला की भरायचा नाही, डोळ्याला टेकायला जागा ठेवायची. त्या जेवायला बसल्या तरी भात आणि आमटीच्या मधे चार बोटं सोडायच्या, असं पोरं शपथेवर सांगतात, आणि त्यांच्या सासूबाईंनी ते कधी नाकारलेलं नाही.

त्याच दिवशी सकाळी प्राचार्य चांगदेव सरांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, "महिनाअखेर वीस ॲडमिशन झाल्या तर तुमचा कोर्स राहील. नाहीतर ती खोली फोर्कलिफ्टच्या ट्रेनिंगला. गोडाऊनवाले रोज माणसं मागतायत."

"सर, खोली वरच्या मजल्यावर आहे. फोर्कलिफ्ट चढणार कशी?"

"ते फोर्कलिफ्टवाले बघतील."

आतापर्यंत फॉर्म आले होते सहा. म्हणून नाक्यावर लावायला फ्लेक्स करायचा चालला होता. माउस होता चंद्राच्या हातात. अकलोलीच्या वर, डोंगरातल्या पाड्यावरची पोरगी. तिचं अजून एक वर्ष बाकी होतं. इथला कोर्स बंद पडला तर पुढचा ठाण्याला, आणि ठाण्याला रोज जाऊन येणं म्हणजे तिचं शिक्षण तिथंच संपणं. त्यामुळे ती गुलाब पुसतानाही जपून पुसत होती.

शेवटी फ्लेक्सवर उरलं ते एवढं: सगळीकडे गेरूचा लाल रंग, मधोमध मोठा पांढरा गोल, गोलात काही नाही. खाली दोन शब्द, "जागा आहे", त्याखाली मॅडमचा मोबाइल नंबर, कारण कॉलेजचा फोन पावसाळ्यापासून मुका होता. आणि अगदी खालच्या काठाला, बारीक अक्षरात, कॉलेजचं आणि कोर्सचं नाव.

चांगदेव सरांनी बघितलं. "फोटो कुठाय?"

"कुणाचा, सर?"

"म्हणजे, कुणाचा तरी."

नाक्यावर हितेशचं फ्लेक्सचं दुकान. त्यानं छापला आणि संध्याकाळी लावायला नेला, तर चौकट निघाली वीतभर आखूड. फ्लेक्स कापायचा तर मॅडम रागावणार. हितेशनं डोकं चालवलं आणि खालची वीतभर पट्टी बांबूला गुंडाळून सुतळीनं आवळली. खालचं कोण वाचतं? पंधरा वर्षं तो आपल्या दुकानाचं नाव तिथंच टाकत होता आणि अजून लोक त्याला झेरॉक्सवाला म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मॅडमचा फोन वाजला.

"मॅडम, बोर्ड देखा. जगह कितनी है?"

"चौदा," मॅडम खुशीत म्हणाल्या.

"चौदा गुंठा या चौदा एकड?"

"चौदा मुलं."

पलीकडच्यानं विचारलं, "बच्चों समेत बेच रहे हो?"

तो गोडाऊनच्या जमिनींचा दलाल होता. त्याच्यामागून दुसरा, तिसरा. मग एक बाई, "ताई, जागा हाय ना? आमच्या सुनेला शिवान येतं." मग पॉवरलूमवरचे चौघं जण, एकाच फोनवरून, रूम हवी होती, शिफ्टप्रमाणे आळीपाळीनं झोपू म्हणाले. साडेअकरापर्यंत एवढे फोन आले की मोबाइल गरम झाला आणि मॅडमच्या सासूबाईंनी त्यावर पापड भाजला, असं मागाहून सांगण्यात आलं. पापड मात्र कुणी पाहिला नाही.

बाराच्या सुमाराला एक दबक्या आवाजातला फोन आला.

"मॅडम, मी जीवन बोलतो. ती जागा कुनाला दिली न्हाय ना अजून?"

"नाही, आहे की."

"इच्छुक किती हायेत?"

"सहा फॉर्म आलेत."

"सहा? मग माझं नाव वरती ठेवा. मी येतो. दोन गाड्या माणसं आणू का चार?"

"एकटेच या. आणि दहावीची मार्कशीट आणा."

जीवन हताश होऊन म्हणाला, "हा नियम कवा आला?"

मॅडमना काही कळेना. त्यांनी चंद्राला घेतलं, रिक्षा केली आणि नाका गाठला.

नाक्यावर माणूस मावत नव्हता. रिक्षावाले, भाजीवाल्या, एसटीची वाट बघणारे, सगळे माना वर करून त्या पांढऱ्या गोलाकडे बघत होते. एसटी येऊन गेली तरी कुणी चढलं नाही. चंद्रा पुढं झाली आणि खालच्या बांबूकडे बोट दाखवून म्हणाली, "मॅडम, आपला नाव त्या बांबूत गेला."

हितेश दुकानातून धावत आला. "मॅडम, वीतभरच गुंडाळलं हो. बाकी सगळं दिसतंय."

"बाकी काय आहे त्यात, हितेश?"

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ जवळ आले आणि अदबीनं विचारलं, "तुमीच का त्या, वरून आलेल्या मॅडम? मुंबईच्या का दिल्लीच्या?"

मग उलगडा झाला. ती चौकट होती दौलतशेठची. गोडाऊनवाले, जमीनवाले, तीनदा निवडून आलेले दौलतशेठ. पंधरा वर्षं त्या जागी त्यांचाच चेहरा गोलात बसून नाक्याकडे हसत होता. हितेश दर वाढदिवसाला तोच फोटो घ्यायचा आणि थोडा अजून गोरा करायचा. नाक्यावरची कुत्री फ्लेक्स बघून शेपटी हलवायची आणि शेठ स्वतः गाडीतून उतरले की भुंकायची. वाढदिवस रविवारी होता. जुना फ्लेक्स उतरवला होता, नवा व्हायचा होता, म्हणून हितेशनं चार दिवस मोकळी चौकट कॉलेजला दिली. आता नाका बघत होता: गोल तोच, आतले शेठ गायब, खाली "जागा आहे", आणि एका बाईचा नंबर.

पक्षानं शेठना उडवलं, हे नाक्याला सकाळी सातलाच कळलं होतं, आणि जीवननं फोन केला होता तो शेठच्या जागी उभं राहायला.

"सोड ती सुतळी," मॅडम हितेशला म्हणाल्या. पण हितेशनं गाठीला हात घालायच्या आत फोन वाजला. चांगदेव सर होते. "मनाली, लगेच या. शेठ आलेत."

कॉलेज उभं होतं शेठच्याच जमिनीवर. फोर्कलिफ्टची वाट बघायची गरज नव्हती, शेठच्या एका शब्दावर सगळी इमारत गोडाऊन झाली असती.

ऑफिसात शेठ सरांच्या खुर्चीत बसले होते आणि सर उभे होते. फोटोपेक्षा शेठ पुष्कळ म्हातारे होते. सावळे, थकलेले.

"माझा फोटो कुनी काढला?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"शेठ, आत्ता लावतो," चांगदेव सर म्हणाले. "त्या गोलात तुमचाच. मोठ्ठा."

"तुमाला न्हाय विचारला, सर."

मनाली मॅडमनी सांगायला सुरुवात केली. ॲडमिशन, वीस मुलं, चौकट, वीतभर पट्टी. डिझाइनमध्ये मोकळ्या जागेचं महत्त्व, असं म्हणून त्या अडखळल्या. चार वर्षं वर्गात जे घडाघडा सांगत आल्या ते या माणसापुढे सांगायला शब्द मिळेनात.

चंद्रा दाराशी उभी होती. ती म्हणाली, "तुमचा फोटो कोनी काढला न्हाय, शेठ. तिथं कोनीच नव्हता. मी त्यो गोल मोकळाच काढला."

"कशाला?"

"आमच्या पाड्यावर आंगन कोनी भरीत न्हाय. भरला तं नाचाल कुठं?"

चांगदेव सरांनी डोळे मिटून घेतले. शेठ खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर त्यांचीच गोडाऊनं होती, निळ्या पत्र्यांची, अगदी डोंगराला टेकेपर्यंत.

"आमचं पन होतं आंगन," ते म्हणाले. "आई भात वाळवायची. आता तिथं पोरांनी गाळे काढले. दारात ट्रक लागतो. मला माझ्याच घरात शिरायला ड्रायव्हरला हाक मारावी लागते."

"सकाळपास्नं मला एक फोन न्हाय," शेठ पुढं म्हणाले. "पंधरा वर्सांत पयल्यांदा चहा गरम पिलो. मग बायकोनं विचारलं, बरं न्हाय का तुमाला? म्हनून नाक्यावर आलो, गाडीची काच वर करून बसलो. काय सांगू मॅडम, एवढी वर्सं माझं तोंड टांगलंय तिथं, एकानं मान वर करून बघितलं न्हाय. आज मी न्हाय, तर आख्खा नाका बघतोय."

"शेठ, चूक झाली," मॅडम म्हणाल्या. "आम्ही उतरवतो."

"उतरवू नका. रविवारी वाढदिवस हाय. माझ्या नावाचा असाच करा. नाव बारीक. फोटो नको."

"आणि गोलात काय घालायचं?" चांगदेव सरांनी विचारलं.

"मी नसलेला मी," शेठ म्हणाले आणि सरांची खुर्ची सरांना देऊन निघून गेले.

चंद्रानं तो केला आणि रविवारी तो लागला. पक्षानं शेठना उडवलेलं नव्हतं हे लोकांना कळलं, पण त्यामुळे गोंधळ वाढलाच. ज्याला फोटोची गरज उरली नाही तो केवढा मोठा माणूस, असा हिशोब नाक्यानं मांडला. मग जीवन हितेशच्या दुकानात गेला. त्यालाही रिकामा हवा होता, पण शेठपेक्षा जास्त रिकामा. गणेशपुरीहून एक आले, पडघ्याहून दोन. एका नवऱ्या मुलाला लग्नाच्या फ्लेक्सवर बायको हवी होती आणि स्वतः नको होता. त्याची वेगळीच चौकशी झाली.

हितेशनं प्रयत्न केला. फोटो काढले, गुलाब काढले, सिंह काढले. गिऱ्हाइकं बघायची आणि म्हणायची, "ह्यो रिकामा न्हाय वाटत रे. चोरी झाल्यासारखा वाटतो."

महिनाअखेरीला तीन दिवस राहिले होते तेव्हा हितेश कॉलेजात आला. मागं तेरा माणसं, अंबाडीपासून भिवंडीपर्यंतचे सगळे फ्लेक्सवाले. कुणाच्या हाताला अजून शाई होती.

"मॅडम, भरायला आमाला सगळं येतं," हितेश म्हणाला. "सोडायला येत न्हाय. फॉर्म द्या."

सहा आणि चौदा वीस. चांगदेव सरांनी तीनदा मोजले, मग फोर्कलिफ्टवाल्यांना फोन लावला आणि जिना अरुंद आहे म्हणून कळवलं. चंद्रानं त्याच दिवशी दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरला.

पहिल्या चाचणीला मॅडमनी एकच प्रश्न दिला. आपल्या दुकानाची पाटी करा, पेन्सिलीनं. बाकीचे घाम पुसत बसले. हितेशनं दोन मिनिटांत कागद आणून दिला. पांढराशुभ्र.

मॅडमनी मागच्या बाजूला शून्य घातलं.

"मॅडम, याच्यापेक्षा मोकळा कसा करू?"

"हा मोकळा नाही, हितेश. हा कोरा आहे."

"फरक काय?"

चार वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"बरं, द्या इकडं जरा," हितेश म्हणाला. "नाव लिहायचं ऱ्हायलं माझं." त्यानं कागद उभ्या उभ्या भिंतीला लावला, उजव्या कोपऱ्यात खाली, पेन्सिलीचं टोक मोडलेलं म्हणून बारीक अक्षरात, नाव लिहिलं आणि परत दिला.

मॅडमनी कागद हातभर लांब धरला. जवळ घेतला. पुन्हा लांब धरला. मग शून्य खोडून त्यांनी सात मार्क दिले.

"सात कशाचे?" हितेशनं विचारलं.

मॅडमनी पुढचा कागद उचलला आणि, पहिल्यांदाच, उत्तर मोकळं सोडलं.