घरगुती विमानांची विभागवार पाहणी

विमान उडण्यासाठी असतं, असा एक गैरसमज ज्यांनी कधी विमान बांधलेलं नाही अशा लोकांत पसरलेला आहे. तो दूर करणं हा या पाहणीचा पहिला हेतू. दुसरा हेतू असा, की दरवर्षी पाहणी करावी असं टॅमरॅक जिल्हा घरगुती विमान मंडळाच्या घटनेत लिहिलं आहे, आणि गेली एकोणीस वर्षं चिटणीस मी आहे.

घरगुती विमान म्हणजे मालकाने स्वतःच्या घरी, स्वतःच्या हातांनी बांधलेलं विमान. कायदा एवढंच म्हणतो, की निम्म्याहून अधिक काम मालकाने स्वतः केलेलं असावं. उरलेलं कोणी करावं याबद्दल कायदा गप्प आहे. आमच्या भागात ते कोणीच करत नाही.

कुठल्या भागात किती विमानं पुरी होतात याचा संबंध लोक हुशारीशी लावतात, पैशाशी लावतात, काही जण तर चिकाटीशीही लावतात. हे सगळं चूक आहे. त्याचा संबंध दाराशी आहे. एकोणीस वर्षांच्या अभ्यासानंतर हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

पश्चिमेकडची सपाट राज्यं घ्या. तिथे विमान धान्याच्या कोठारात बांधतात. कोठाराचं दार चोवीस फूट रुंद असतं, त्यातून कापणीयंत्र आत-बाहेर करतं. अशा ठिकाणी विमान सरासरी सहाव्या वर्षी तयार होतं आणि सातव्या वर्षी शेजाऱ्याच्या मक्यात सापडतं. (मालक बहुधा सुखरूप असतो. मका नसतो.) या लोकांबद्दल आम्हाला सहानुभूती आहे. सहा वर्षांत छंद संपला, की उरलेल्या आयुष्याचं माणसाने काय करायचं?

दक्षिणेत वेगळी तऱ्हा. तिकडे खणलं की पाणी लागतं, त्यामुळे तळघरं नाहीत, आणि तळघर नाही तिथे धीर नाही. फ्लोरिडातला माणूस विमान सुरू करत नाही. दुसऱ्याने सुरू केलेलं तो विकत घेतो. आमच्या टॅमरॅकच्या साप्ताहिकाचे फ्लोरिडात एकशे बारा वर्गणीदार आहेत, आणि ते फक्त शेवटचं पान वाचतात, ज्यावर मृत्यूच्या बातम्या असतात. आमच्याकडे माणूस गेला, की साधारण नवव्या दिवशी फ्लोरिडाची नंबरपाटी लावलेला ट्रक दारात उभा राहतो. आतला माणूस उतरतो, टोपी काढतो, फार वाईट झालं म्हणतो आणि पंखांची लांबी विचारतो.

आता आमचा भाग, म्हणजे विस्कॉन्सिनचा उत्तरेकडचा कोपरा. इथे ऑक्टोबरात बर्फ पडायला लागतो आणि एप्रिलमध्ये त्याला कंटाळा येतो. नवरा-बायकोने सहा महिने एकाच स्वयंपाकघरात समोरासमोर बसणं दोघांच्याही प्रकृतीला बरं नाही, म्हणून आमच्याकडे तळघर असतं. तळघरात गेलेला माणूस काहीतरी करतोय असं वर ऐकू यावं लागतं, म्हणून विमान असतं. जिल्ह्याची लोकसंख्या नऊ हजार चारशे आणि घरगुती विमानं एक्केचाळीस. म्हणजे दर हजारी चार पूर्णांक छत्तीस. राज्यात हा आकडा सर्वांत मोठा आहे. 'बांधकाम चालू' या वर्गाचा चषक बारा वर्षं आमच्याकडे आहे. शेजारचा केटल जिल्हा चाळीस विमानांनिशी टपून बसलेला असतो.

यांपैकी उडालेली विमानं शून्य. (एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली एक उडालं होतं, पण ते वादळात, आणि सोबत छप्परही होतं.)

आमच्याकडे तळघराचं दार बत्तीस इंच असतं. विमानाचं धड, अगदी चिंचोळ्या जागी मोजलं तरी, एक्केचाळीस इंच. बाहेरून येणारे पाहुणे जिन्यात उभे राहून दाराकडे बघतात, विमानाकडे बघतात, पुन्हा दाराकडे बघतात आणि मग घरमालकाकडे बघतात. त्यांना वाटतं, मोजायचं राहून गेलं असेल. काहीही राहून गेलेलं नसतं. प्रत्येक सभासदाने पहिल्याच दिवशी दार मोजलेलं असतं. 'दाराचं पुढे बघू' हे आमच्या मंडळाचं ब्रीदवाक्य आहे आणि ते आम्ही टोप्यांवर शिवून घेतलं आहे.

सभासद होताना एक अर्ज भरावा लागतो. त्यात नाव, पत्ता, विमानाचा प्रकार वगैरे आठ रकाने आहेत. नवव्यात लिहायचं असतं : 'पहिलं उड्डाण कोणाकडे?' हा रकाना शाईने भरायचा असतो आणि पहिल्या उड्डाणाशिवाय तो बदलता येत नाही. माणसाला उमेद राहावी म्हणून आमच्या संस्थापकांनी ही सोय केली. एक्केचाळीसपैकी अडतीस जणांनी तिथे नातेवाइकांची नावं लिहिली आहेत. आई, थोरला भाऊ, टेक्सासला दिलेली मुलगी. दोघांनी 'बघू' असं लिहिलं आहे, आणि एकाने स्वतःच्याच घरचा पत्ता दिला आहे. (त्याला परत यायचं होतं, असं तो सांगतो.)

इथवर सगळं सुरळीत होतं. मग मार्चच्या सभेत डेलमर झॅस्ट्रो उठला.

सभा आमची चर्चच्या मागच्या खोलीत भरते. कॉफी आणि केक झाला की प्रत्येक सभासद उभा राहून आपल्या विमानाचा टक्का सांगतो आणि बाकीचे माना डोलावतात. हे टक्के ऐंशीच्या पुढे फार सावकाश चालतात. माझा गेली सहा वर्षं अठ्ठ्याऐंशी आहे. डेलमर बासष्टीला दुग्धशाळेतून निवृत्त झालेला, अबोल माणूस. सत्तावीस वर्षं तो एक-एक टक्का सांगून खाली बसत आला. त्या दिवशी तो उठला, टोपी हातात घेतली आणि म्हणाला, "झालं."

"काय झालं?" अध्यक्ष हार्लन पेगलने विचारलं.

"विमान."

शवपेटी समोर असावी तशा सगळ्यांनी टोप्या काढल्या. कोणीतरी डेलमरच्या खांद्यावर हात ठेवला. हार्लनने घसा साफ करून सांगितलं, की मंडळाला आनंद झाला आहे, आणि तपासणीसाठी तिघांची समिती नेमली. केटल जिल्ह्याचे चाळीस आहेत आणि आता आपलेही चाळीसच उरतील, हे तो बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती.

डेलमरच्या नवव्या रकान्यात 'व्हर्ना, लडिंग्टन, मिशिगन' असं लिहिलेलं आहे. व्हर्ना ही त्याच्या बायकोची, आर्लिसची, थोरली बहीण. मध्ये मिशिगन तलाव पसरलेला. विमानाने दीड तासाचा रस्ता, पण मोटारीने तलावाला वळसा घालून नऊ तास. बोट आहे, पण बोटीत आर्लिसला मळमळतं. विमान सुरू झालं त्या उन्हाळ्यात आर्लिस म्हणाली होती, एकदा मोटारीनेच जाऊन येऊ. डेलमर म्हणाला, एवढं विमान होतंय, आता मोटारीने काय जायचं? तिला ते पटलं. व्हर्नाच्या सत्तराव्या वाढदिवसाला विमान ऐंशी टक्के होतं. पंचाहत्तराव्याला शहाऐंशी. ऐंशीव्याला एक्याण्णव. दर रविवारी दोघी बहिणी फोनवर बोलायच्या, आणि व्हर्ना प्रकृती सांगायच्या आधी टक्का विचारायची. यंदा मे महिन्यात ती पंचाऐंशीची होणार होती, आणि तिच्या डॉक्टरने तिला जिना चढायला बंदी केली होती.

समिती म्हणजे हार्लन, मी आणि एक निवृत्त सुतार. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही डेलमरच्या तळघरात विजेऱ्या घेऊन उतरलो. खरं सांगतो, इतकं देखणं विमान मी पाहिलेलं नाही. लाल रंग, पांढरी पट्टी, एकही खिळा वाकडा नाही. पंख भिंतीला टेकवून ठेवलेले. मला हेवा वाटला, आणि हेव्याच्या मागोमाग भीती वाटली. आम्ही साडेतीन तास दोष शोधले. सुताराने दाराचा विषय काढून पाहिला, पण दार हा दोष मानायचा तर चाळीस जणांना घरी बसवावं लागलं असतं.

मग हार्लनला सापडलं. विमानाचा मूळ नकाशा एकोणीसशे एकोणऐंशी साली छापलेला. त्यात मागच्या बैठकीच्या उजव्या हाताशी एक लहानसा ॲशट्रे दाखवला होता. डेलमरच्या विमानात तो नव्हता.

"आर्लिस सिगारेट ओढत नाही," डेलमर म्हणाला.

"प्रश्न ओढण्याचा नाही, डेलमर," हार्लन अत्यंत सौम्यपणे म्हणाला. "प्रश्न नकाशाचा आहे."

मी नोंद केली : सत्त्याण्णव टक्के. त्या वेळी मी डेलमरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे राग असेल असं मला वाटलं होतं. जे दिसलं त्याला मी सुटका म्हणेन. सत्तावीस वर्षं जिना उतरून खाली जाणाऱ्या माणसाला उद्या सकाळीही खाली जाता येणार होतं.

तेवढ्यात आर्लिस कॉफीचा ट्रे घेऊन खाली आली. तिने आमची तोंडं पाहिली आणि किती दिवस लागतील एवढंच विचारलं. डेलमर म्हणाला, "दोन महिने. फार तर एक हिवाळा." (हिवाळा नुकताच संपला होता.)

आर्लिसने ट्रे कामाच्या टेबलावर ठेवला, मधल्या करवती नीट बाजूला सारल्या, आणि फळीवर पाय देऊन मागच्या बैठकीत चढून बसली. सत्तावीस वर्षांत ती पहिल्यांदाच तिथे बसत होती. आम्ही तिघे टोप्या हातात घेऊन उभे राहिलो.

"इथून तलाव दिसेल का रे?" तिने विचारलं.

"डाव्या बाजूला दिसेल," डेलमर म्हणाला. "हवा स्वच्छ असली तर."

ती डावीकडे पाहत राहिली. तिथे फडताळ आहे.

"मला घेवड्याच्या बरण्या दिसतायत," ती म्हणाली. "मीच भरलेल्या." मग ती उतरली आणि आम्हाला साखर हवी का ते विचारून वर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बुईक मोटार जागेवर नव्हती. स्वयंपाकघरात चिठ्ठी होती, तिच्यात बहिणीकडे जाते एवढंच लिहिलं होतं, आणि खाली कुत्र्याला किती घालायचं ते सविस्तर. डेलमरसाठी काही लिहिलेलं नव्हतं. पुढचे पाच आठवडे त्याने फडताळातल्या घेवड्यावर काढले आणि ॲशट्रे केले. एकूण चार केले. चारही उत्तम होते, आणि एकही त्याच्या मनाला येईना.

आर्लिस मे महिन्याच्या सभेला परत आली. येताना व्हर्नाकडच्या रूबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा घेऊन आली आणि सगळ्यांच्या केकवर एक-एक चमचा वाढत गेली. विचारायला कोणी धजेना. अखेर डेलमरनेच विचारलं, आणि तेही मुरंब्याकडे बघत, की विमानाचं ऐकून व्हर्ना काय म्हणाली.

"काही नाही," आर्लिस म्हणाली. "कशाने आलीस हे तिने विचारलंच नाही. पाय पूस आणि आत ये, म्हणाली."

मग ती माझ्या टेबलाशी आली आणि डेलमरच्या अर्जातलं व्हर्नाचं नाव खोडायला सांगितलं, कारण जाऊन झालं आहे. मी तिला नियम समजावला. खोडता येत नाही. पहिलं उड्डाण व्हावं लागतं, त्यावर सरकारी तपासनिसाची सही लागते. आर्लिसने शांतपणे ऐकून घेतलं.

"वेंडेल," ती म्हणाली, "तुझ्या नवव्या रकान्यात कोण आहे?"

"आई," मी म्हणालो.

आर्लिसने माझ्या हातावर हात ठेवला आणि माझ्या केकवर दुसरा चमचा वाढला. आई जाऊन अकरा वर्षं झाली. ती ओ क्लेअरला राहायची. मोटारीने तिच्या दारात पोहोचायला दोन तास दहा मिनिटं लागतात, हे मला अंत्यविधीच्या दिवशी कळलं. विमान तेव्हा एक्याऐंशी टक्के होतं, म्हणजे त्यानंतर त्याने बरीच प्रगती केली आहे.

घरी येऊन मी सगळे अर्ज काढले. अडतीस नावांपैकी तेवीस माणसं आता नाहीत. ही आकडेवारी मंडळाच्या पाहणीत पूर्वी कधी आलेली नाही. ती पाहून हार्लन म्हणाला, की कोष्टकात ती 'इतर' खाली घाल. त्याप्रमाणे घातली आहे. चषक यंदाही आमच्याकडेच आहे. डेलमर अठ्ठ्याण्णववर गेला आहे.

या पाहणीत एक मोठी त्रुटी राहून गेली होती, ती यंदा दूर केली आहे. विमान न बांधणाऱ्या लोकांची गणना आजवर कोणीच केलेली नव्हती, आणि कुठल्याही भागात बहुसंख्या त्यांचीच असते. तेव्हा आमच्या बत्तीस इंची दारांना हसत इथवर आलेल्या वाचकांनीही अर्ज भरावा. पहिले आठ रकाने सोडून दिले तरी चालतील. नववा मात्र शाईने भरावा : जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे जायचं राहिलं आहे, त्या माणसाचं नाव. आम्हा एक्केचाळीस जणांच्या तळघरात न जाण्याचं कारण पंखांसकट उभं आहे, आणि ते कोणालाही खाली नेऊन दाखवता येतं. तुमचं कारण दहाव्या रकान्यात लिहावं. (जागा पुरली नाही, तर जादा कागद जोडत बसू नये. तेवढ्या वेळात बहुधा पोहोचता येतं.)