धुक्याआडचा घोडा

प्रकाशनगृहातून फोन आला तेव्हा चित्रकार स्टुलावर उभा राहून पंख्याची पाती पुसत होता, म्हणून फोन त्याच्या बायकोने घेतला. एवढ्याशा कारणावरून पुढचा सगळा घोळ झाला.

"हो... हो, बोला ना... अय्या, खरंच?... छे हो, त्याला काय विचारायचं त्यात! करेल की. आनंदाने करेल."

फोन ठेवून ती वळली तेव्हा तिचे डोळे पाण्याने भरले होते.

"खाली उतर आधी," ती म्हणाली. "'नवव्या खिंडीचा रखवालदार'ची नवी आवृत्ती निघतेय. सचित्र. आणि चित्रं तू काढतोयस."

चित्रकार खाली आला. खरं सांगायचं तर तो घसरला, पण फडकं हातात घट्ट धरून उभा राहिला, म्हणून ते लक्षात आलं नाही.

"अगं, मला विचारायचंस तरी."

"विचारायचं काय? नाही म्हणणार होतास?"

बायको दातांची डॉक्टर होती. समोरच्याने तोंड उघडं ठेवावं, पण त्यातून उत्तर येऊ नये, अशी तिला धंद्यामुळे सवय लागली होती. चित्रकाराचं तोंड उघडंच होतं. त्यातून उत्तर आलं नाही.

'नवव्या खिंडीचा रखवालदार' ही कादंबरी लहानपणी वाचली नाही असा माणूस शोधून सापडला नसता. रात्रीतून जागा बदलणारे डोंगर, दलदलीतला राक्षस, खिंडीची राखण करणारा एकटा दाढीवाला रखवालदार आणि त्याचा पाण्यावरून चालणारा घोडा. हत्तीएवढ्या त्या घोड्याचं नाव लेखकाने 'झुळूक' का ठेवलं, यावर वाचकांची आजही भांडणं होत. चित्रकाराच्या बायकोला हे पुस्तक शाळेच्या वसतिगृहात मिळालं होतं. तिथे तिला अजिबात करमत नसे. रोज पांघरूण डोक्यावर घेऊन ती ते वाचायची.

"झुळूक नसता ना, तर मी तिथून पळूनच गेले असते," ती म्हणाली. "त्याला तेवढा नीट काढ हं. बाकी सगळं कसंही काढलंस तरी चालेल मला."

आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं. चित्रकाराला घोडा काढता येत नव्हता.

डोंगर यायचे, किल्ले यायचे, चेटकिणी तर फारच छान यायच्या. पण घोडा म्हटला की त्याचे हातपाय गळत. मागच्या पायाचा गुडघा पुढे वाकतो की मागे, आणि त्या जागी जे असतं त्याला गुडघा म्हणतात का, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. कलाशाळेतून बाहेर पडल्यावर मिळालेल्या पहिल्याच कामात एक घोडेस्वार होता. घोडा बिघडला, तो झाकायला त्याने वरून करड्या रंगाचा पातळ हात मारला, आणि लोक म्हणाले, "वा! काय धुकं आहे! काय गूढ आहे!" त्या दिवसापासून तो धुकं काढत आला होता. धुक्याला बक्षिसं मिळाली, धुक्यावर परिसंवाद झाले. त्या धुक्यात एकेक करून किती घोडे पुरलेत, हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. बायकोलासुद्धा त्याने कधी सांगितलं नाही. लग्नाच्या आधी सांगायची लाज वाटली आणि लग्नानंतर विषय निघाला नाही.

प्रकाशनगृहाच्या संपादिकाबाई मात्र धुक्यावर भाळल्या होत्या. त्यांनी आधीच दोनदा हात पोळून घेतले होते. पहिल्या सचित्र आवृत्तीची चित्रं काढणाऱ्याला सगळं गुबगुबीत काढायची हौस होती. त्याचा दलदलीतला राक्षस आता खिशातून लिमलेटची गोळी काढून हातावर ठेवेल असा दिसे. दुसऱ्या आवृत्तीचं काम ज्याने केलं त्याला धंद्यातले लोक पैलवान म्हणत. त्याच्या चित्रात रखवालदाराला दंड होते, घोड्याला दंड होते आणि खिंडीच्या तोंडाशी सरपण विकणाऱ्या म्हातारीलाही दंड होते. वाचक खवळले. विशेषतः 'रखवालदार वाचक मंडळा'चे अध्यक्ष. हे गृहस्थ वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झाले होते आणि आता तपासायला हीच एक कादंबरी उरली होती. ते पुस्तकांच्या दुकानात त्या कपाटाशी जाऊन उभे राहत आणि हात पुढे करणाऱ्या प्रत्येकाला हळूच सांगत, "नका घेऊ. म्हातारी बघवत नाही." ती आवृत्ती तिथेच बसली.

"या खेपेला अध्यक्षांना आधीच दाखवायचं," संपादिकाबाईंनी ठरवून टाकलं. "ते हो म्हणाले तरच छापायचं."

चित्रकार कामाला लागला. पहिल्या चित्रात रखवालदार कुंपणाच्या वर कमरेपर्यंत दिसत होता. दुसऱ्या चित्रात तो सरायीत शिरत होता आणि सरायीच्या कोपऱ्यामागून एक शेपूट येत होतं. तिसऱ्यात नुसतं धुकं होतं आणि धुक्यात लगाम होता.

बायको रोज दवाखान्यातून आली की हातही न धुता खोलीत डोकावायची.

"झुळूक कुठंय?"

"भिंतीमागे."

"तिथे काय करतोय?"

"चारा खातोय."

"कालपण खातच होता."

"लांबचा प्रवास आहे त्याला."

तिला पटलं. संपादिकाबाईंना तर इतकं पटलं की त्या म्हणाल्या, "काय संयम आहे हो तुमचा! दुसऱ्या कुणी पहिल्याच पानावर घोडा आणून उभा केला असता." चित्रकाराने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

मग अध्यक्ष आले. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक चित्र उजेडाकडे धरून पाहिलं. कुंपणाची उंची पटली, सरायीचं दार आत उघडतं तेही पटलं. चित्रकाराचा जीव भांड्यात पडणार, इतक्यात ते म्हणाले, "आता मुखपृष्ठ. तळं ओलांडतानाचा प्रसंग. झुळूक पूर्ण दिसला पाहिजे."

"धुक्यातून येताना दाखवू," चित्रकार घाईने म्हणाला.

अध्यक्षांनी डोळे मिटले आणि कादंबरीतलं वाक्य म्हटलं, "'त्या पहाटे खिंडीत धुक्याचा मागमूस नव्हता.' विसाव्या प्रकरणाची सुरुवात. विसरलात वाटतं?"

त्या लेखकाने अख्ख्या कादंबरीत जागोजागी धुकं पसरलं होतं आणि नको त्या पहाटे तेवढं आवरून ठेवलं होतं.

त्याने प्रयत्न केला नाही असं नाही. त्याने घोड्यांचे फोटो जमवले, हाडांचे तक्ते आणले, दार लावून घेऊन घोड्यामागून घोडे काढले. एक घोडा टेबलासारखा झाला. एक घोडा बसला होता, आणि घोडे तसे बसत नाहीत. एकावर त्याने शेवटी चिडून इतक्या रेघा मारल्या की त्याचं काय झालं ते त्यालाच सांगता येईना. तो टोपलीत टाकायचा राहिला आणि बायकोच्या हाती लागला.

ती दारातच ओरडली. "बाई गं! काय भयंकर आहे रे हा!"

चित्रकाराने कपाळाला हात लावला. आता सगळं बाहेर पडणार.

"दलदलीतला राक्षस इतका किळसवाणा मी कुणाच्याच चित्रात बघितला नाही," ती कौतुकाने म्हणाली. "ते पाय तर बघ! अंगावर काटा आला माझ्या." आणि तिने त्याचा फोटो काढून परस्पर संपादिकाबाईंना पाठवला. बाईंना तो इतका आवडला की त्यांनी त्याला पूर्ण पान दिलं.

मुखपृष्ठ अजून कोरंच होतं. शेवटी मनाचा हिय्या करून चित्रकार पैलवानाच्या घरी गेला. पैलवान म्हणजे अंगाने काडी होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मनापासून हसला.

"म्हणजे ते धुकं... अरे, मी तुझ्या धुक्यावर जळत होतो रे इतकी वर्षं!"

"हस नंतर. मला एक घोडा काढून दे. माझ्या अब्रूचा प्रश्न आहे."

"देतो की. पण दंड येणार हं त्याला. मला दंडाशिवाय येत नाही. एकदा बारीक काढायला गेलो तर माणूस कोसळल्यासारखा दिसायला लागला."

"काढ तू. मी वरून रंगाने त्याचे दंड उतरवतो."

पैलवानाने बोलता बोलता, चहा संपायच्या आत घोडा काढला. चित्रकाराला त्या क्षणी त्याचा मनस्वी हेवा वाटला. घरी येऊन त्याने तो घोडा मऊ केला, त्याच्यावर पहाटेचा उजेड टाकला, दंड सावलीत ढकलले. चित्र सुरेख झालं होतं. आपण खोटेपणा करतो आहोत, हे त्याला कळत होतं, पण आता मागे फिरायला वाट नव्हती.

बायकोने चित्र पाहिलं. खुर्ची ओढून जवळ बसली आणि मान तिरकी करून तिने थेट घोड्याच्या तोंडात पाहिलं.

"हा पैलवानाचा घोडा आहे."

"कशावरून?"

"दात बघ ना. घोड्याला माणसाचे दात लावलेत त्याने. खालची अक्कलदाढसुद्धा आहे. मागच्या आवृत्तीतही हेच दात होते. मला आठवडाभर झोप नव्हती." तिने चित्र खाली ठेवलं. "तू दुसऱ्याचा घोडा का आणलास?"

लपवायला आता काहीच उरलं नव्हतं. चित्रकार स्टुलावर बसला आणि म्हणाला, "कारण मला घोडा येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. कधीच येत नव्हता. ते धुकं त्याच्यासाठीच आहे. आणि तो राक्षस... तो झुळूकच होता."

हे शेवटचं सांगितलं नसतं तरी चाललं असतं. बायकोचा चेहरा पडला. ती उठून खिडकीशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. चित्रकाराला फार वाईट वाटलं. बक्षिसं गेली तर जाऊ देत, पण हिचा एवढा एक घोडा होता, तोही आपण हिला देऊ शकलो नाही, असं त्याला वाटलं. मग तिचे खांदे हलायला लागले. ती रडते आहे असं समजून तो जवळ गेला, तर ती तोंडावर हात दाबून हसत होती.

"ते पाय!" ती कसंबसं म्हणाली. "अरे, आठ गुडघे होते त्याला!"

"तुला कसा दिसायचा तो सांग ना," चित्रकार काकुळतीला येऊन म्हणाला. "रंग कुठला होता? मान कशी होती? मी शिकेन. वर्ष लागलं तरी शिकेन."

ती उत्तर द्यायला गेली आणि थबकली. बराच वेळ तिने आठवून पाहिलं.

"मला माहीतच नाही," ती नवलाने म्हणाली. "मी त्याला कधी बघितलंच नाही रे. मी नेहमी त्याच्यावर बसलेली असायचे. वसतिगृहाच्या भिंतीवरून उडी मारून आम्ही घरी जायचो. मला नुसते त्याचे कान दिसायचे, आणि पुढे रस्ता."

मग तिने एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"कान येतात तुला?" तिने विचारलं.

चित्रकाराने खूप प्रामाणिकपणे विचार केला. "एक येतो," तो म्हणाला. "दुसरा पहिल्यासारखा होत नाही."

"मग दुसऱ्यावर माझा हात ठेव. हात तरी येतो ना?"

"तुझा येतो," चित्रकार म्हणाला. तो त्याला न बघताही काढता आला असता. तरी त्याने तिला समोर बसवलं आणि सोफ्याच्या लोडावर हात ठेवायला लावला. लहानसा, जपून वागणारा हात. अंगठ्याच्या खाली एका छोट्या पेशंटने कडकडून चावल्याची पांढरी खूण होती, तीही त्याने काढली.

चित्र दाखवायच्या दिवशी बायको दवाखाना बंद ठेवून बरोबर गेली. संपादिकाबाईंनी चित्र टेबलावर मांडलं. लख्ख पहाट, समोर पसरलेलं तळं, पलीकडे खिंड. खालच्या कडेला एक टवकारलेला कान आणि दुसऱ्या कानावर ठेवलेला हात. धुक्याचा मागमूस नव्हता.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "झुळूक कुठंय?"

"तुम्ही बसलाय त्याच्यावर," चित्रकार म्हणाला.

संपादिकाबाई एकदा अध्यक्षांकडे आणि एकदा चित्राकडे पाहत राहिल्या. हा हात दाढीवाल्या रखवालदाराचा नाही, हे कुणीही सांगितलं असतं, आणि हा माणूस तर म्हातारीच्या दंडावरून अख्खी आवृत्ती बुडवणारा. पण अध्यक्ष खुर्चीत हळूहळू ताठ व्हायला लागले होते. त्यांची पाठ सरळ झाली, गुडघे खुर्चीच्या दोन्ही बाजूंना आवळले गेले. मग त्यांनी आपला उजवा हात, जाड बोटांचा, केसाळ, आयुष्यभर लोखंडी वजनं उचललेला, पुढे केला आणि चित्रातल्या हाताशेजारी ठेवला.

"कमाल आहे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "हा माझा हात तुम्ही कधी पाहिलात?"

चित्रकाराने घाबरून बायकोकडे पाहिलं. ती बोलायला तोंड उघडणारच होती. तिने अध्यक्षांच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, तोंड मिटलं आणि टेबलावरचा आपला हात हळूच उचलून पर्समध्ये लपवला.