चित्रातला छत्रीवाला

विमा कंपनीच्या अर्जातल्या बाराव्या रकान्यात एवढंच छापलं होतं, 'अपघाताचे ढोबळ रेखाचित्र काढा', आणि खाली हातरुमालाच्या घडीएवढी चौकट होती. एकवीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या मास्तरांना तो आपला अपमान वाटला. 'ढोबळ' हा शब्द तर फारच झोंबला. त्यांनी चौकटीत 'सोबत जोडले आहे' असं लिहिलं आणि शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत पूर्ण आकाराचा कागद बोर्डावर चढवला.

गाडी बायकोची होती. वर्षानुवर्षं गणिताच्या शिकवण्या करून तिने ती घेतली होती आणि मास्तरांच्या हाती पहिल्यांदाच दिली, तर त्यांनी ती बेकरीसमोरच्या दिव्याच्या खांबावर नेऊन आपटली. कुत्रं आडवं आलं असं त्यांनी घरी सांगितलं, अर्जातही तेच लिहिलं. खरं तर समोरच्या ढगाला असा काही जांभळा रंग चढला होता की मास्तरांची नजर खाली उतरलीच नाही. पण हे बायकोला सांगायचं कोणत्या तोंडाने? विमा मिळाला नाही तर गाडी गॅरेजातच राहणार होती, आणि मास्तरांची घरातली उरलीसुरली पतही तिथेच.

चित्र मात्र झकास उतरलं. खांब, चेपलेलं बॉनेट, हवेत झेपावलेलं कुत्रं. डावी बाजू तेवढी रिकामी वाटत होती, म्हणून मास्तरांनी बेकरीच्या दारात एक म्हातारा उभा केला. चेहरे त्यांना पहिल्यापासून जमत नसत, तेव्हा त्याच्या तोंडापुढे काळी छत्री धरली. चित्राचा तोल साधला.

तिसऱ्या दिवशी विमा कंपनीतल्या बाईंचा फोन आला. म्हणे अख्ख्या ऑफिसने चित्र पाहिलं, साहेब तर दोनदा येऊन बघून गेले. मास्तर हवेत तरंगायला लागले.

"पण साक्षीदार होता हे तुम्ही अर्जात लिहिलं नाहीत," बाई म्हणाल्या. "तो छत्रीवाला. उद्या सकाळी आमचे सर्व्हेअर तपासणीला घरी येतायत, त्या साक्षीदाराला बोलावून ठेवा."

मास्तर धाडकन जमिनीवर आले. म्हातारा मनाने काढला म्हणावं, तर मग कुत्र्याचं काय, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. म्हणजे आता संध्याकाळपर्यंत एक म्हातारा पैदा करणं आलं. घरात एकच होता, सासरे. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून लेक त्यांना रोज तासभर बागेत चालायला पाठवायची.

मास्तरांनी सासऱ्यांच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि मोबाइलवरचा चित्राचा फोटो पुढे केला. विनवणीची लांबलचक प्रस्तावना त्यांनी घोकून ठेवली होती, पण तिची गरजच पडली नाही. चित्र पाहताच सासरे दचकून दाराकडे बघू लागले.

"लेकीने पाहिलंय हे?"

"अजून नाही."

"मग जावईबापू, तुम्ही म्हणाल ते करतो."

एका शब्दात तयार! मास्तरांना अगदी भरून आलं. असा सासरा मिळायला भाग्य लागतं, असं त्यांना लग्नानंतर प्रथमच वाटलं.

सकाळी सर्व्हेअर आला. त्याने चित्र टेबलावर पसरलं, आणि मास्तरांच्या बायकोने ते तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. कुत्रं कोणत्या बाजूने आलं, असं त्याने सासऱ्यांना विचारलं. 'डावीकडून' हे उत्तर त्यांनी रात्रभर पाठ केलं होतं. पण लेक समोर बसून टक लावून बघत होती. सासऱ्यांचा धीर सुटला.

"कुत्रं नव्हतंच. जावईबापू आभाळाकडे बघत होते. खांब बिचारा आपल्या जागी उभा होता."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. सर्व्हेअरने पेनाला टोपण लावलं.

"मास्तर, नजर चुकून गाडी आपटली तर विमा मिळतो. खोटं कुत्रं आणलंत तर मिळत नाही. जबाब बदलून द्या, चौकटीत साधं चित्र काढा, मी शिफारस करतो."

मास्तर सुटकेने खुर्चीतच उसळले. सासऱ्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. बायको मात्र अजून चित्रच बघत होती.

"बाबा, बाग तर गावाच्या त्या टोकाला. तुम्हाला हे दिसलं कुठून?"

"आता लपवून काय उपयोग?" सासरे चित्राकडे बोट दाखवून म्हणाले. "पेस्ट्री खाताना रोज छत्री पुढे धरतो, तरी ओळखलंच की यांनी मला."

"मी?" मास्तर म्हणाले. "अहो, डावी बाजू रिकामी होती म्हणून काढला मी तो म्हातारा."

सासऱ्यांनी चित्राकडे दाखवलेलं बोट हळूच मागे घेतलं.

बायकोने सर्व्हेअरकडचा कोरा अर्ज ओढून घेतला आणि पट्टी लावून दोन मिनिटांत चित्र पुरं केलं. दोन रेघांचा रस्ता, चौकोनाची गाडी, खांबाला गोल. मग जरा थांबून रस्त्याकडेला तिने शेजारीशेजारी दोन फुल्या मारल्या.

"या काय?" सर्व्हेअरने विचारलं.

"पायी जाणारे."

"पण त्या दिवशी रस्त्याने पायी जाणारं कोणीच नव्हतं ना?"

"त्या दिवशी नव्हतं," ती नवऱ्याकडे आणि बाबांकडे बघत म्हणाली आणि खुंटीवरची गाडीची दुसरी किल्ली काढून तिने आपल्या पर्समध्ये टाकली.