परबकाकांच्या पोटातला गोळा

परबकाकांना माणसं पोटातून कळत. डोळ्यांनी त्यांना सुईचं भोकही दिसत नसे, पण दारात नवा माणूस आला की ते सदऱ्यावरून पोटावर हात ठेवून गप्प बसत. माणूस गेला की निकाल: "गोळो इलो. माणूस बरो नाय."

कांजूरमार्गच्या आमच्या चाळीत त्या पोटाला मान होता. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका गोडबोल्या माणसाला पाहून काकांच्या पोटात गोळा आला. गायकवाडांनी ते हसण्यावारी नेलं आणि टीव्ही त्याच्या हवाली केला. तो टीव्ही अजून दुरुस्तच होतो आहे. तेव्हापासून कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे आले की कोपऱ्यातली खुर्ची काकांची. चुकायचेही म्हणा. आमच्या डॉक्टरांना पाहूनही त्यांना गोळा यायचा, पण तो इंजेक्शनचा असावा.

मिल सुटली, काकी गेल्या, तशी काकांनी अख्ख्या चाळीच्या बटणांची जबाबदारी आपणहून घेतली. रोज कामावर जाताना मी त्यांना तीन सुया ओवून द्यायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचून ठेवायची. "दोरो लांब ठेव गो," एवढंच ते म्हणायचे.

मला बघायला मुलुंडचा मुलगा आला, तेव्हा मला धास्ती होती ती या पोटाची. कारण मुलगा मला आवडला होता. त्याच्या हातून पोहे सांडले, तर गडी खाली वाकून एकेक दाणा वेचत बसला. मी हसू दाबत कोपऱ्याकडे पाहिलं. काकांचा हात पोटावर होता आणि तो काही निघत नव्हता.

पाहुणे गेल्यावर बाबांनी विचारलं, "काय रे परब?"

"गोळो इलो," म्हणून काका उठून गेले.

बाबांनी त्याच संध्याकाळी नकाराचं पत्र लिहिलं. मी जेवले नाही.

सकाळी सुया ओवताना राहवलं नाही. "काका, काय वाईट दिसलं हो त्याच्यात?"

काका हातातलं बटण उलटसुलट करत राहिले. "त्येच्यात काय वायट? पोरगो बरो आसा."

"मग गोळा?"

"तो तू जातलस म्हणान इलो गो. माकाच आता कळला."

मला हसू आलं आणि रडूही. मग एकदम पत्र आठवलं. बाबा ते खिशात घालून जिना उतरतच होते. शेवटच्या पायरीवर गाठून मी ते काढून घेतलं आणि तिथेच फाडलं.

लग्नाच्या सकाळी हळदीच्या हातांनी घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या सुया ओवल्या आणि काकांच्या कॅलेंडरला टोचल्या. तारखाही दिसेनात.

"दोरे लांब ठेवलेत," मी म्हटलं.

काकांनी पोटावर हात ठेवला.