प्रशासकही आले, मामूही आले

सरकारी अर्ज लिहावा तर दिग्रसमध्ये मीच, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रामसेवकी करून निवृत्त झालेला माणूस मी. त्यामुळे आमच्या सहा फ्लॅटच्या सोसायटीत अध्यक्ष व्हायला कोणी तयार होईना, आणि त्यातच पाण्याची मोटर जळाली, तेव्हा मी म्हटलं, "कायले भांडता? सरकारी प्रशासक बसवून घेऊ. तो दुरुस्त्या करीन, आपण पाणी पिऊ."

अर्ज मी असा लिहिला की आठवडाभरात फोन आला. नेमसिंग जाधव नावाचे अधिकारी गुरुवारी पाहणीला येणार.

गुरुवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभा. ऑटोतून सफारीतले एक गंभीर गृहस्थ उतरले, काखेत बॅग. म्हणाले, "रहेमानभाई इथंच राहतात ना? लोक कसे आहेत?"

मला वाटलं, वा, चौकशी सुरू झाली. रहेमानभाई दुसऱ्या मजल्यावर राहतात, फ्रिज दुरुस्त करतात. मोटर जळाल्यापासून आमचं बोलणं बंद होतं.

"साहेब, पह्यले हे पाहा," म्हणत मी त्यांना जळकी मोटर दाखवली, मग गच्चीवर नेऊन कोरडी टाकी दाखवली. जिना चढताना तोंड सुरूच. "रहेमानभाई एका शब्दाले चार शब्द ऐकवतात. अन् त्यायची पोरगी उमेरा त्यायच्याही वरची. टँकर आला की सारी बिल्डिंग लाईनीत उभी करते. मले तर बादलीसकट मागं पाठवलं."

"तुम्हाला?" त्यांनी बॅग सावरली आणि आणखी विचारत गेले. मी आणखी सांगत गेलो.

उतरताना रहेमानभाईंचं दार उघडं दिसलं. सोफ्यावर एक बारकेसे गृहस्थ बसले होते, पुढ्यात शीरखुर्म्याची वाटी. रहेमानभाईंच्या पत्नी हजराबी अदबीनं विचारत होत्या, "मंग पोरगा काय करते, भाईसाब?"

"बारावीत आहे," गृहस्थ म्हणाले.

रहेमानभाई बशी पुढं करता करता थांबले. "अन् शादीचं?"

"आधी शिकू द्या की त्याले."

तेवढ्यात माझ्याबरोबरचे गृहस्थ पुढं झाले. "माफ करा. मी साजिद, पुसदहून आलो. मुलाचा मामा. उमेराला पाहायला."

सोफ्यावरचे गडबडीनं उठले. "मी नेमसिंग जाधव. सोसायटीच्या पाहणीला आलतो. यायनं हाताले धरून बसवलं."

रहेमानभाई माझ्याकडे वळले. किती दिवसांनी बोलत होते. "भारतभाऊ, मामूले काय सांगितलं तुम्ही?"

"मोटर दाखवली."

"अन्?"

बाकीचं मामूंनीच सांगितलं, बादलीसकट. हजराबी भिंतीला टेकून खाली बसल्या. दोन स्थळं मोडल्यावर हे जुळत आलं होतं, हे साऱ्या बिल्डिंगीला ठाऊक होतं. उमेरा आतल्या दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मला जिन्यावरून परत फाटकात जावंसं वाटलं.

"मामू," मी म्हटलं, "लाईन लावते हे खरं आहे. पण त्या लाईनीत पह्यला नंबर माझ्या घराचा असते. माझी बायको संगीता पाय मोडून पडली आहे. तिच्यासाठी दोन बादल्या ही पोरगी स्वतः वर आणून देते."

"मग तुम्हाला मागं काहून पाठवलं?"

"मी दुसऱ्यांदा गेलतो."

"तिसऱ्यांदा," उमेरा दारातून म्हणाली.

मामू तिच्याकडे पाहून हसले. मग मला म्हणाले, "हे गच्चीवर काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही सरकारी माणूस वाटले. सरकारले कोनी चांगलं सांगते का?"

मामू जाधवसाहेबांच्या शेजारी जाऊन बसले. हजराबींनी आणखी एक वाटी आणली. मला कोणी बसा म्हटलं नाही, म्हणून मी उभाच राहिलो.

जाधवसाहेबांची प्रशासक म्हणून नेमणूक झाली, नवी मोटर बसली. अर्ज माझा होता, पण साहेब आले की चहाला दुसऱ्या मजल्यावरच जातात. उमेराचं लग्न पुसदलाच ठरलं. पत्रिका द्यायला रहेमानभाई स्वतः घरी आले. मी पत्रिका कपाळाला लावली. म्हटलं, "मलेही काही काम सांगा, भाई."

"सांगतो ना. शादीखान्यात पाण्याच्या जारपाशी उभे राहा. पाहुणे पाणी मागतीन, ते द्या." चप्पल घालता घालता ते पुन्हा वळले. "फक्त पाणीच द्या."